केळ्यात खोचलेली उदबत्ती

उदबत्ती लावायला कुणी कुणाला शिकवत नाही. भाकरी थापायला शिकवतात, रांगोळीचे ठिपके शिकवतात, पण उदबत्ती म्हणजे काय, काडी ओढली आणि लावली. मीसुद्धा तसंच समजत होते. आणि मी तर उदबत्त्या करून विकत होते.

पेणला आमच्या घराच्या पडवीत मी बारा-तेरा वर्षं हा धंदा केला. नव्वदनंतरची ती वर्षं. आमचे हे रोह्याला एका कंपनीत शिफ्टला जायचे, मुलं शाळेत जायची, मला दुपार रिकामी. शिकवणारं कुणी नव्हतं. बांबूच्या काड्या, कोळशाची पूड, एका झाडाच्या सालीची चिकट पूड असं सगळं पनवेलहून आणलं, पाण्यात मळलं आणि पाटावर काडी ठेवून तळहातानं वळायला लागले. पहिल्या शंभर उदबत्त्या वाळल्यावर वाकड्या झाल्या. दुसऱ्या शंभर सरळ झाल्या, पण पेटेनात. तिसऱ्या पेटल्या आणि घरभर जळक्या गुळाचा वास सुटला. पुडीत हुंगल्या तर मोगरा. तेव्हा कळलं की पुडीतला वास वेगळा आणि जळतानाचा वेगळा. आजही मी दुकानात पुडी हुंगून उदबत्ती घेत नाही. एक काडी मागते, बाहेर येऊन पेटवते आणि मग ठरवते. दुकानदार वैतागतात. वैतागू देत.

ताराबाई माझ्याकडे आली ती चौथ्या महिन्यात. खाडीकडच्या गावातली, मिठागरावर निम्मं आयुष्य गेलेली बाई. पायाच्या भेगा इतक्या खोल की त्यात गहू बसेल. पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणून काम मागायला आली होती. मी म्हटलं, "हात नाजूक लागतो हो याला."

तिनं पाटावरची काडी उचलली, दोनदा फिरवली आणि अशी सरळ उदबत्ती माझ्यापुढे ठेवली की मला ओशाळायला झालं.

"नाजूक नाय वयनी," ती म्हणाली, "थंड हात लागतो. तुमचा हात गरम हाय, म्हणून तुमची बत्ती चिरते."

खरंच तसं होतं. ताराबाई पावसाळ्यापुरती आली आणि नऊ वर्षं राहिली.

ताराबाईला वासापेक्षा राखेचं अगत्य जास्त. वळलेल्या मालातली एक उदबत्ती ती रोज पेटवायची आणि समोर बसून राख बघायची. राख पांढरट, हलकी आणि आपल्या वजनानं गळणारी असेल तर माल चांगला. काळी, घट्ट, ठिणगी टाकणारी असेल तर परत मळा. "मिठासारखंच हाय," म्हणायची. "वरनं समदं पांढरं दिसतं. बोटात धरल्याबिगर कळत नाय."

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा मात्र राखेत दिसत नसत, त्या घरात गेल्यावर दिसत. मी माल द्यायला स्वतः जायची. पेणमध्ये पायी, रोह्याला गाडीनं, मधल्या गावांना एसटीनं. खांब गावची एक आजी माझ्याकडून ऊद आणि धूप न्यायची. नातीला न्हाऊ घातलं की धुरी द्यायची. चांगली पद्धत हो, मी नावं ठेवत नाही. पण एकदा गेले तर खोलीचं दार बंद, खिडकीत गोणपाट, मधोमध निखाऱ्यांचं धुपाटणं आणि धुरात आजी दिसेना की नात दिसेना. फक्त खोकला ऐकू येत होता.

मी गोणपाट ओढून काढलं. आजी चिडली. "सगला धूर जाईल ना गो."

"जायलाच हवा," म्हटलं. "केसांना ऊब लागली, वास लागला, झालं. धूर पोरीच्या छातीत कशाला?"

आजीनं महिनाभर माझ्याकडून काही घेतलं नाही. मग स्वतःच निरोप पाठवला, नातीचा खोकला गेला, ऊद घेऊन ये. सोबत वाल सोलून ठेवले होते माझ्यासाठी. वाल सोलायला किती वेळ जातो ते आमच्याकडच्या बायकांना सांगायला नको.

अशा घराघरांतून मी शहाणपण सांगत हिंडायचे. खिडकी उघडी ठेवा. पंख्याखाली लावू नका, ठिणगी उडते. सादळली म्हणून गॅसवर शेकू नका, उदबत्तीला तेल असतं, भडकेल. फुंकर मारून विझवू नका, हातानं वारा घाला. आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायला लागलं होतं. आणि नेमकं त्याच सुमारास रोह्याचं ते प्रकरण झालं.

रोह्याला माईंचं घर माझं जुनं गिऱ्हाईक. माई म्हणजे करारी बाई, नवऱ्यामागे भातशेती सांभाळलेली, गणपती दीड दिवसाचा नाही, गौरीबरोबर जाणारा. त्या वर्षी थोरल्या मुलाचं लग्न झालं होतं. सून वैशाली, वीस-एकवीस वर्षांची, माणगावकडची. सुनेचा पहिला गणपती म्हणून मुलानं बाजारातून थर्माकोलचं मखर आणलं होतं. तेव्हा त्याची नवलाई फार. पांढरं शुभ्र, खांब, कमानी, वर मोर, मागे रंगीत बल्बांची माळ. कापडी मखरं माळ्यावर गेली आणि घरोघरी थर्माकोलचे महाल उभे राहिले. तो किती पटकन पेटतो हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. आता त्याला बंदी आली, बरं झालं.

गणपतीच्या आधी मी माल द्यायला गेले तेव्हा माई शेतावर होत्या. वैशालीनं पुडे घेतले. मी तिला आमच्या मोठ्या उदबत्त्या दिल्या, हातभर लांब, जाड, दोन तास चालणाऱ्या. पाहुण्यांच्या गर्दीत सारखी बदलायला नको. तिनं विचारलं, "काकू, या आमच्या स्टँडच्या भोकात जात नाहीत. कशात लावू?"

मी उभ्या उभ्या म्हणाले, "अगं केळ्यात खोच. सगळे तेच करतात. जराशी देवाकडे वाकवून खोच, म्हणजे राख समोरच्या ताम्हणात पडेल."

एवढंच बोलले आणि गाडी चुकेल म्हणून निघाले.

गणपती बसल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर माझ्या नावानं फोन आला. रोह्याहून माईंची शेजारीण बोलत होती. "तुमच्या उदबत्तीनं माईंचं मखर पेटलं. काय मिसळता हो त्यात? माई जेवल्या नाहीत कालपासून. गौरी तोंडावर आल्यात आणि घरात हे. त्यातून सून नवी. लोक काय बोलायचं ते बोलतातच."

मी घरी आले आणि माझ्या डोक्यात एकच होतं, माझा माल. ताराबाईला म्हटलं, त्याच घाण्यातल्या चार उदबत्त्या काढ, उद्या सकाळच्या गाडीनं जाते आणि त्यांच्यासमोर लावून दाखवते.

"मी पन येते," ताराबाई म्हणाली.

"तू कशाला?"

"राख बगायला."

रोह्याच्या घरात पाऊल टाकलं तर जळक्या थर्माकोलचा उग्र वास अजून होता. भिंतीवर काळा ओघळ. गणपती मात्र शाबूत, उजव्या बाजूला जरा धूर बसलेला. त्याला चौरंगासकट जरा पुढे घेतलं होतं आणि मागे माईंचं जुनं रेशमी लुगडं लावलं होतं. माई भिंतीला टेकून बसलेल्या. शेजारीण होतीच. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात, पदर दोन्ही हातांवरून घेऊन उभी.

माई मला म्हणाल्या, "बसा." पाणी विचारलं नाही.

मी बसले. पिशवीतून मातीची ताटली काढली, ओल्या मातीचा गोळा ठेवला, त्यात उदबत्ती उभी केली आणि पेटवली. धूर सरळ वर गेला. ठिणगी नाही, तडतड नाही, राख पांढरी. अर्धं पेर जळेपर्यंत आम्ही सगळ्या बघत होतो.

"बघा माई," मी म्हणाले, "माझ्या मालात खोट नाही."

शेजारणीनं मान हलवली. "मग उदबत्तीचा दोष नाही म्हणायचा."

आणि तिनं, माईंनी, आणि खरं सांगायचं तर मीही, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"पहिल्याच वर्षी," शेजारीण हळूच म्हणाली. "पायगुण म्हणतात तो काय उगाच."

मी तिथे काय करून बसले ते मला तेव्हा समजलं. माझा माल निर्दोष ठरवायचा म्हणजे त्या पोरीला दोषी ठरवायचं. मधे तिसरं कुणी नव्हतंच. वैशालीनं मान वर केली नाही. तिनं एका शब्दानं म्हटलं असतं, काकूंनीच सांगितलं होतं केळ्यात खोच म्हणून, तर ती तिथेच सुटली असती. ती म्हणाली नाही. दोन दिवस कुणालाच म्हणाली नव्हती.

माझीही जीभ उचलेना. रोह्यात माझी चौदा-पंधरा घरं होती आणि सगळी माईंच्या शब्दावर मिळालेली.

ताराबाई इतका वेळ चौरंगाशी उकिडवी बसून खाली बघत होती. तिनं कोपऱ्यात सारलेल्या कचऱ्याच्या सुपातून एक केळं उचललं. काळं पडलेलं, लिबलिबीत. त्यात बोट जाईल एवढं आडवं फाटलेलं भोक.

"काडी ह्यात व्हती?" तिनं विचारलं.

वैशालीनं मान डोलावली.

"कवाचं केळं हे?"

"पहिल्या दिवसाचंच. देवापुढचं फळ उत्तरपूजेआधी हलवायचं नाही, म्हणून बदललं नाही," वैशाली म्हणाली. तसं तिला कुणी सांगितलं असेल हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माईंनी डोळे मिटले.

ताराबाईनं केळं माझ्या हातात दिलं. माझ्याकडे बघितलं फक्त. पण इतकी वर्षं जिच्या शेजारी बसून राख बघितली, तिचं न बोलणं मला वाचता येत होतं.

मग मी बोलले. सगळं बोलले. की उदबत्ती माझी, लांब आणि जाड, वरून जड. स्टँडमध्ये जात नाही हे पोरीनं मला विचारलं होतं. केळ्यात खोच हे मी सांगितलं, वाकवून खोच हेही मीच सांगितलं. पहिल्या दिवशी केळं कच्चट असतं, काडी धरून ठेवतं. दुसऱ्या दिवशी समईची ऊब, बल्बांची ऊब, केळं पिकतं, लोणी होतं. जड काडी एवढी एवढी करत झुकते आणि आडवी होते. टोकाशी थर्माकोलचा खांब. "माझ्या मालात खोट नाही माई," म्हटलं, "माझ्या सांगण्यात आहे. पोरीनं सांगितलं तसं केलं. तुमचंही ऐकलं आणि माझंही."

शेजारीण म्हणाली, "अहो पण केळ्यात तर आम्ही सगळेच खोचतो."

"व्हय," ताराबाई म्हणाली. "म्हंजे तुमच्याकडं पेटलं नाय ते तुमचं नशीब, पायगुण नाय."

आणि मग तिनं ते विचारलं जे दोन दिवसांत त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. "इकडं ये गो पोरी. हात दाखव."

वैशाली मागे सरली. "काही नाही झालं."

"दाखव गो. पदर काढ."

उजवा तळहात आणि चार बोटं. मी ते वर्णन लिहीत नाही. वितळलेला थर्माकोल कातडीला चिकटला होता आणि वरून टूथपेस्ट फासली होती. ते सगळं पदराआड घट्ट धरून तिनं दोन दिवस भाकऱ्या केल्या होत्या, डाव्या हातानं.

हळूहळू तिच्याकडून काढून घेतलं तेव्हा कळलं. दुपारी जेवणं होऊन सगळे लवंडले होते, नवरा पहिल्या पाळीला, माई आतल्या खोलीत. ही भांडी घासून आली तर मखराची एक बाजू पेटलेली. तिनं हाक मारली नाही. हाक मारायला वेळच नव्हता, म्हणाली. गणपतीच्या मागे हात घालून पेटलेलं मखर ओढलं, अंगणात टाकलं, आणि परत येऊन ओलं फडकं मूर्तीच्या बाजूनं धरलं. भिंतीवरची बल्बांची माळ उपटली. माई बाहेर आल्या तेव्हा त्यांना दिसला तो अंगणातला जळका ढीग आणि काळी भिंत. मूर्ती का वाचली हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

माई उठल्या. त्या वयात गुडघ्यांवर हात ठेवून उठायला त्यांना वेळ लागला. त्यांनी तो हात मनगटाशी धरला आणि बराच वेळ बघितला.

"दोन दिवस मी मूर्तीकडे बघतेय," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्याकडे एकदाही बघितलं नाही."

मग शेजारणीकडे वळून, अगदी शांतपणे, "तू रिक्षा बघ जा. हिला डॉक्टरकडे न्यायचंय."

डॉक्टर रागावले, टूथपेस्टसाठी जास्त. भाजल्यावर थंड पाण्याखाली हात धरायचा आणि चिकटलेलं ओढायचं नाही, एवढं साधं असतं हो. तेही कुणी शिकवत नाही.

आमच्या परतायच्या गाडीला वेळ होता. ताराबाईनं स्वयंपाकघरातून खडे मिठाची बरणी मागितली, चिनी मातीची एक खोल वाटी मागितली, वाटी मिठानं भरली आणि माझी ती हातभर उदबत्ती मधोमध ठोकून बसवली. बोटानं ढकलून दाखवली. हलेना.

"आमच्याकडं मिठागरावर देवाला अशीच लावतात," म्हणाली. "राख मिठात पडते. काडी आडवी झाली तरी मीठ पेटत नाय. आनि पितळेत घालू नका, हिरवं व्हतं."

इतकी वर्षं माझ्याकडे काम करत होती आणि मला हे कधी सांगितलं नाही. परतताना गाडीत विचारलं तर म्हणाली, "तुमी इचारलं कवा? तुमी सांगत व्हत्या ना समद्यांना."

संध्याकाळच्या आरतीला आम्ही थांबलो. माईंनीच थांबवून घेतलं, आणि पाणीही दिलं, चहाही दिला. घरात माणसं जमली. शेजारीणही आली. उदबत्ती लावायची वेळ झाली तेव्हा माईंच्या धाकट्या जावेनं पुढे होऊन काडेपेटी घेतली.

"थांब," माई म्हणाल्या. "वैशाली लावेल."

वैशालीचा उजवा हात पट्टीत, पांढरा, गाठोड्यासारखा. एका हातानं काडी ओढायची कशी? ती तशीच उभी राहिली, सगळ्यांसमोर, कानापर्यंत लाल. तेव्हा माईंनी काडेपेटी स्वतः घेतली, काडी ओढली आणि ज्योत धरून सुनेसमोर उभ्या राहिल्या. वैशालीनं डाव्या हातानं उदबत्तीचं टोक ज्योतीत धरलं. त्याला पेट घ्यायला वेळ लागला. काडी जळत माईंच्या बोटांपर्यंत आली तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. उदबत्ती पेटली, वैशालीनं ती मिठात बसवली, आणि मगच माईंनी काडी टाकली.

त्यानंतर मी प्रत्येक पुड्यात एक चिठ्ठी घालायला लागले. केळ्यात खोचू नका, मिठात किंवा वाळूत लावा, कापड आणि मखरापासून हातभर लांब, घरात माणूस जागं असेल तेव्हाच. बायका हसायच्या, "काकू, उदबत्ती विकताय की परीक्षा घेताय?" रोह्यातली दोन घरं सुटली. बाकीची घरं टिकली, कारण माईंनी प्रत्येक घरात जाऊन काय झालं ते स्वतः सांगितलं, माझ्या चुकीसकट आणि स्वतःच्याही.

वैशालीला मी नंतर एकदा विचारलं, त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीस. ती भात वैरत होती. मागे न बघता म्हणाली, "मी घरातच असते काकू. मला बोलले तर चार लोक बोलतील आणि थांबतील. तुम्हाला दारोदार जायचं असतं."

माझे हात आता थरथरतात, वळणं कधीच सुटलं. ताराबाई गेली. पण गेल्या गणपतीला रोह्याला गेले होते. माई नाहीत, वैशालीची सून आहे आता, शहरातली, बँकेत काम करणारी. चौरंगापुढे चिनी मातीची तीच वाटी होती, काठाला एक टवका उडालेली. नवी सून काडेपेटी घेऊन आली तर वैशालीनं तिच्या हातातली काडी घेतली, स्वतः ओढली आणि ज्योत धरून तिच्यासमोर उभी राहिली. त्या घरात सुनेसाठी काडी सासू धरते. पोरीला ते का, हे ठाऊक नव्हतं. वैशालीच्या उजव्या हाताची बोटं पुरती सरळ होत नाहीत हे तिनं बघितलेलं होतं, पण तो दुवा तिला कुणी सांगितला नसावा. मी सांगणार होते. वैशालीनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून.